टायर फुटला म्हणून नशिबाला बोल नको

दुपारची भांडी आटोपली असतील. कुणी तांदूळ निवडायला बसली असेल, कुणी बांधावर झाडाखाली मोबाइल कानाला लावून आम्हाला ऐकत असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही बोलणार आहोत गाडीच्या टायरविषयी. हसलात ना? "टायरचं आणि आपलं काय? ते घरातले बापे बघतात." आम्हीही गेल्या वर्षापर्यंत हेच म्हणत होतो. पण आता गावोगावी दारात गाडी उभी असते. कुणाची नवी, बऱ्याच जणींची जुनी, हप्त्यावर घेतलेली. त्या गाडीत बसतो आपण, आपली लेकरं, दवाखान्याला नेलेली सासू, बाळंतपणाला आणलेली लेक. आणि ती सगळी गाडी रस्त्याला टेकलेली असते फक्त चार ठिकाणी. एकेक ठिकाण फार तर आपल्या तळहाताएवढं. एवढ्याशा रबरावर सगळं घर बसलेलं असतं.

आमच्यावर काय गुदरलं ते आधी सांगतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही गटातल्या पाच जणी येवल्याला लग्नाला निघालो. बरोबर दोन लेकरं. गाडी आमच्यातल्याच एका ताईंच्या घरची, पाच माणसांची छोटी गाडी. चालवायला ताईंचे धाकटे दीर. म्हणजे पाचांच्या गाडीत आम्ही आठ जीव, वर आहेराच्या पिशव्या. निघताना वाटेत हवा तपासायला थांबलो. हवा भरणारा म्हणाला, "ऊन लई आहे, हवा जरा कमीच ठेवतो, नाहीतर टायर फुटेल." आम्हालाही ते पटलं. पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय ना आपण! वैजापूर मागे पडलं, दुपारचे बारा वाजले होते, आणि मागचा डावा टायर बंदुकीसारखा आवाज करून फुटला. गाडीचं मागचं अंग एकदम फिरलं. दोनदा हेलकावली आणि रस्ता सोडून बाभळीच्या झुडपात जाऊन थांबली. एका ताईंचं मनगट मोडलं, बाकी सगळे खरचटण्यावर वाचलो. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवाच नाही. दोन तास उन्हात उभे होतो.

घरी आल्यावर जो तो म्हणाला, "नशीब बलवत्तर म्हणून वाचलात." "टायर फुटला, त्याला कोण काय करणार?" आम्हीही मान डोलावली. नारळ फोडला, विषय संपला.

पण मग गॅरेजवाल्या दादांनी तो फाटका टायर आमच्यापुढे ठेवला. वरची नक्षी चांगली शाबूत होती. त्यांनी टायरच्या बाजूवर एक लांबट चौकट दाखवली. तिच्यात चार इंग्रजी आकडे होते, ३२१६. ते म्हणाले, "हा टायर २०१६ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलाय." म्हणजे ऑगस्ट २०१६. फुटला त्या दिवशी त्याचं वय पावणेनऊ वर्षं! गाडी दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून घेतली, तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं होतं, "टायर एकदम झकास आहेत." दिसायला होतेच झकास. वय मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मग आम्ही हिशेब मांडला. टायर म्हातारा. हवा मुद्दाम कमी केलेली. माणसं क्षमतेपेक्षा जास्त. वर मे महिन्यातला तापलेला डांबरी रस्ता. चार गोष्टी, आणि त्यातल्या तीन आपल्या हातातल्या. मग नशिबाचा वाटा उरला किती?

हेच मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं आहे. २०१० साली पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका गाडीचा मागचा टायर फुटला, गाडी दरीत कोसळली आणि त्यात एक कर्ता माणूस गेला. घरच्यांना भरपाई द्यायची वेळ आली, तेव्हा विमा कंपनी म्हणाली, टायर फुटणं ही देवाची करणी, तिला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते म्हणणं फेटाळलं. टायर फुटतो तो जादा वेगाने, कमी किंवा जास्त हवेने, जुन्या टायरने, उष्णतेने. प्रवासाला निघण्याआधी टायर बघणं हे चालकाचं आणि मालकाचं काम आहे. ही देवाची करणी नाही, माणसाचा निष्काळजीपणा आहे, असा त्या निकालाचा अर्थ. सव्वा कोट रुपयांची भरपाई न्यायालयाने कायम ठेवली. पण गेलेला माणूस काही सव्वा कोटीने परत येत नाही.

म्हणून आज या बोलण्यातून एकच गोष्ट पदरात बांधा. टायर अचानक फुटत नाही. तो आधी सांगतो. आपण बघत नाही, एवढंच.

आता बघायचं काय, ते एकेक करून सांगतो.

पहिली गोष्ट, हवा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समज आधी डोक्यातून काढून टाका. घरात कुंपणाची तार तोडायला पक्कड नसली, तर आपण काय करतो? तीच ती जागा पुढेमागे वाकवत राहतो. थोड्या वेळाने ती जागा हाताला गरम लागते, आणि मग तार तुटते. टायरचंही तसंच आहे. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दबते, फुगते, दबते, फुगते. मिनिटाला शेकडो वेळा. त्यातून आतून उष्णता तयार होते. रबराच्या आत धाग्यांचे आणि तारांचे थर असतात, ते एकमेकांपासून सुटायला लागतात. वरून ऊन, खालून तापलेला रस्ता, आतून ही आग. मग टायर फुटतो. म्हणजे फुटू नये म्हणून आपण हवा कमी करतो, आणि त्यामुळेच तो फुटतो.

मग हवा किती भरायची? ते हवावाल्याने ठरवायचं नाही, आपणही नाही. गाडी बनवणाऱ्याने ठरवून ठेवलेलं असतं. चालकाच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक छोटा कागद चिकटवलेला असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा लिहिलेला असतो. छोट्या गाड्यांना तो बहुधा ३० च्या आसपास असतो. गाडी माणसांनी, सामानाने भरली असेल, तर त्याचा वेगळा, जास्तीचा आकडाही तिथेच असतो. कागद फाटला असेल तर गाडीच्या पुस्तकात बघा. आमच्या त्या ताईंनी आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चालकापुढच्या काचेच्या कोपऱ्यात आतून चिकटवलाय. आता कुणी काही म्हणालं, की नुसतं बोट दाखवायचं.

टायरच्या बाजूवरही हवेचा एक आकडा कोरलेला असतो. तो भरायचा आकडा नव्हे. त्या टायरला जास्तीत जास्त किती हवा सोसते, त्याचा तो आकडा. पुष्कळ जण तिथेच फसतात.

हवा मोजायची ती टायर थंड असताना. म्हणजे सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी, किंवा गाडी तीन तास तरी उभी राहिल्यावर. चालून आलेल्या टायरमधली हवा गरम होऊन फुगते, आकडा जास्त दिसतो. तेव्हा "जास्त झाली" म्हणून हवा सोडू नका. टायर थंड झाला की ती कमीच पडणार. थंडीतही लक्ष ठेवा. मार्गशीर्ष-पौषात पहाटे गारठा पडला की टायरमधली हवा आक्रसते, आकडा दोन-तीनाने खाली येतो. शिवाय टायर कितीही चांगला असला तरी महिन्याला एक-दोन आकडे हवा आपोआप झिरपतेच.

नायट्रोजन भरावा का, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. नायट्रोजन जरा हळू झिरपतो, एवढाच फायदा. आपण श्वास घेतो त्या हवेतही शंभरातले ७८ भाग नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा. नाही मिळाला तर साधी हवा वेळेवर भरा. वेळेवर भरलेली साधी हवा ही विसरलेल्या नायट्रोजनपेक्षा लाख पटीने बरी.

दुसरी गोष्ट, नक्षी. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतून बाजूला फेकलं जातं आणि रबर रस्त्याला धरून राहतं. खाचा झिजल्या की पाण्याला वाट राहत नाही. टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेक दाबला काय, स्टिअरिंग फिरवलं काय, गाडी ऐकत नाही. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. ती १.६ मिलिमीटरवर आली की टायरचं आयुष्य संपलं. आपल्या मोटार वाहन नियमांतही हीच हद्द आहे.

आता मिलिमीटर कुठे मोजत बसणार? मोजायची गरज नाही. खाचांच्या आत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. ते सापडायला टायरच्या कडेला एक छोटा त्रिकोण किंवा टी, डब्ल्यू, आय ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. तिथून सरळ आत बोट न्या. नवा टायर असेल तर उंचवटा खोल तळाशी लागतो. टायर झिजत येतो तसा तो वर येतो. उंचवटा आणि बाजूची नक्षी एका पातळीत आली, म्हणजे टायर टाकून द्यायचा. आणि तीन मिलिमीटरच्या आसपास खाच उरली असेल, तर तिथवर थांबूच नका. मृगाचा पाऊस यायच्या आधी बदलून घ्या.

झीज कुठे झाली आहे, तेही बघा. आपण भाकरी बघतो ना, एका बाजूने करपली म्हणजे जाळ एकीकडे जास्त होता, तसंच हे. टायर मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी असते. एकच कड झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे. मधे मधे खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर बॅलन्सिंग किंवा शॉकअब्सॉर्बर दाखवून घ्या. ते दुरुस्त न करता नवे टायर टाकले, तर नवेही तसेच झिजतील. पैसे पाण्यात.

तिसरी गोष्ट, वय. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्या लग्नकार्याला, देवाला आणि दवाखान्यालाच निघतात. वर्षभर दारात उन्हात उभ्या. अशा गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. रबर कडक होतं. उन्हाळ्यात आपल्या टाचांना भेगा पडतात ना, तशा बारीक भेगा टायरच्या बाजूला पडतात. त्या भेगा दिसल्या की समजायचं, आतलं रबरही वाळलं. टायर पाच वर्षांचा झाला की दर वर्षी जाणत्या माणसाला दाखवावा. आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही नवी दिसो, स्टेपनीची का असेना, तो टायर वापरू नये. आमचा तर दहालाही पोचला नाही. भेगा होत्या, पण त्या पावडर-पॉलिशखाली झाकलेल्या होत्या.

चौथी गोष्ट, फुगा. खड्ड्यात गाडी जोरात आदळली की कधी कधी टायरच्या बाजूला गळवासारखा फुगवटा येतो. म्हणजे आतले धागे तुटले आणि आता हवा फक्त वरच्या पातळ रबराने धरून ठेवली आहे. त्याला उपाय नाही, पंक्चरवालाही तो दुरुस्त करू शकत नाही. त्या टायरवर गाडी लांब नेऊ नका. स्टेपनी लावा आणि तो टायर बदला.

आता पंक्चरचं सांगतो. हल्लीचे टायर ट्यूबलेस असतात. खिळा घुसला तरी हवा फस्सकन जात नाही, हळूहळू जाते. हे चांगलं आहे, पण त्यातच धोकाही आहे. खिळा आत आहे हे कळत नाही आणि आपण कमी हवेवर गाडी पळवत राहतो. नक्षीच्या भागातलं बारीक पंक्चर काढता येतं. बाजूला, म्हणजे टायरच्या गालाला चीर गेली असेल, तर तिथे पंक्चर काढून घेऊ नका. आणि "ट्यूब टाकून देतो, चालेल वर्षभर" असं कुणी म्हणालं तरी भुलू नका. ट्यूब हवा धरेल, पण तुटलेले धागे काही सांधणार नाही.

आता मुख्य खरेदीकडे येऊ. अपघातानंतर आम्ही तिघी जणी टायर घ्यायला तालुक्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "घरातल्या दादांना पाठवा ना, त्यांना बरोबर कळेल." आम्ही म्हणालो, "दादा कामाला गेलेत. तुम्ही टायर दाखवा, आम्ही वाचतो." आणि खरंच वाचला. कसा वाचायचा, ऐका.

टायरच्या बाजूवर आकडे असतात. आमच्या गाडीला आहे १४५/८० आर १२, पुढे ७४ टी. १४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची एक बांधणी. १२ म्हणजे आतल्या लोखंडी रिमचं माप, १२ इंच. ७४ हा वजनाचा आकडा. ७४ ला एका टायरने ३७५ किलो पेलायचे असतात, तेही पूर्ण हवा असताना. आणि टी ही वेगाची खूण. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. ते घरीच कागदावर उतरवून घ्या आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघा, कारण आधीच्या मालकाने चुकीचे टायर टाकलेले असू शकतात. नवा टायर त्याच मापाचा हवा. वजनाचा आकडा मूळ टायरइतका किंवा त्याहून जास्त चालेल, कमी चालणार नाही. "रुंद टायर टाका ताई, गाडी भारी दिसेल," असं सांगणाऱ्याला हात जोडा.

मग बनल्याची तारीख बघा. लांबट चौकटीतले शेवटचे चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. सहा महिन्यांच्या आतला टायर मागा. वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा दाखवा म्हणा. आम्हाला पहिल्यांदा दीड वर्षापूर्वीचा दाखवला होता. आम्ही तारीख वाचून दाखवल्यावर आतून ताजा आला. भाव तोच! आयएसआयची खूण आहे ना, तेही बघा.

पक्कं बिल घ्या, आणि बिलावर टायरचे नंबर लिहून मागा. टायरमध्ये कारखान्याचा दोष निघाला तर कंपनीकडे दाद मागायला तेच लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलावर तो १८ च लावला आहे ना, तेवढं बघून घ्या. आणि विम्याच्या भरवशावर राहू नका. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर पैसे मिळत नाहीत. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल, तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मिळतात.

"जुना टायर हजार-बाराशेला मिळतो, तो का नको?" असं बऱ्याच जणी विचारतात. पैशाची ओढ आम्हालाही माहीत आहे. पण जुना टायर का काढला गेला, कशावर आदळला, किती दिवस हवेविना चालला, हे बाहेरून दिसत नाही. काही ठिकाणी गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम सुरीने पुन्हा खाचा पाडतात आणि काळं पॉलिश मारून नव्यासारखा करतात. खाच खोल दिसते, पण खाली रबर कागदासारखं उरलेलं असतं. रबर चढवलेले टायर ट्रकला चालतात, ते काम नीट कारखान्यात होतं. आपल्या छोट्या गाडीला तो मार्ग नको.

चारही टायर एकदम घ्यायला पैसे नसतील तर दोन घ्या, पण दोन एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि एकाच आसाला, म्हणजे डावं-उजवं जोडीने. आता सांगा, नवे दोन पुढे लावायचे की मागे? आम्ही सगळ्या जणी म्हणालो होतो, पुढे. बरोबर उत्तर आहे, मागे. पुढचं चाक घसरलं तर चालकाला स्टिअरिंगवर लगेच कळतं, तो वेग कमी करतो. मागचं चाक घसरलं तर कळायच्या आत गाडी गर्रकन फिरते. आमची फिरली तशी. म्हणून चांगले टायर मागे लावा. दुकानात सवयीने पुढे लावतील, तेव्हा उभं राहून सांगा. टायरवर बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, तेही बघा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, आणि व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा.

पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करून घ्यायची, म्हणजे सगळे सारखे झिजतात. आणि स्टेपनीला विसरायचं नाही. तिच्यात हवा आहे का, जॅक आणि पाना गाडीत आहे का, हे आम्ही आता दर महिन्याला बघतो.

पैशाचं गणित आम्ही बैठकीत फळ्यावर मांडलं. समजा एक टायर साडेतीन हजारांना पडला, चार टायरचे झाले १४ हजार. नीट निगा राखली तर ते ४० हजार किलोमीटर जावेत. म्हणजे किलोमीटरला ३५ पैसे. वर्षाला गाडी १० हजार किलोमीटर फिरत असेल तर चार वर्षं. महिन्याला तीनशे रुपये बाजूला टाकले तर चौथ्या वर्षी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. डिझेल-पेट्रोलचे पैसे आपण काढतोच, त्यातच हे तीनशे धरायचे. गाडी जास्त फिरत असेल तर तेवढे जास्त. आमच्या गटात चार घरी गाड्या आहेत. आम्ही वर्गणी काढून हवा मोजायचं एक मीटर आणि एक पायाने मारायचा पंप घेतला. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी सकाळी चारही गाड्यांची हवा मोजतो आणि वहीत लिहितो. कर्जाच्या हप्त्याच्या वहीत मागे चार पानं राखली आहेत.

आता अवघड गोष्ट बोलतो. घरात सांगायचं कसं? "बाईला काय कळतंय गाडीतलं" हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. त्या ताईंनी दिरांना दोष दिला नाही. त्या नुसत्या वही घेऊन म्हणाल्या, "भावोजी, मी आकडा लिहिते, तुम्ही मोजून सांगा." पहिल्यांदा ते कंटाळले. तिसऱ्या महिन्याला एका टायरचा आकडा सातने कमी आला. बघितलं तर आत खिळा. त्या दिवसापासून बैठकीची सकाळ ते स्वतःच लक्षात ठेवतात. समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याने टायर तपासून, झिजलेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या होत्या, हे तुम्ही ऐकलं असेल. सलग तासन्‌तास वेगाने पळताना टायर तापतो, म्हणून ती तपासणी. पण आपल्या गावच्या रस्त्यावर कुणी अधिकारी उभा नसतो. तिथे आपणच बघायचं.

आणि एवढं करूनही वाटेत टायर फुटलाच, तर गाडी चालवणाऱ्याला हे सांगून ठेवा, आणि तुमच्यातली कुणी चालवत असेल तिनेही लक्षात ठेवा. ब्रेकवर पाय आपटायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरायचं. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा आणि गाडी डावीकडे रस्त्याबाहेर घ्यायची. इंडिकेटर चालू करून सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभं करायचं. लेकरं आधी. चाक बदलताना हँडब्रेक ओढायचा, दुसऱ्या चाकाला दगड लावायचा, नट गाडी उचलण्याआधीच सैल करायचे, आणि जॅकवर उभ्या गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत.

आमच्या त्या ताईंचं मनगट आता बरं आहे. थंडीत दुखतं म्हणतात. परवा त्या पुन्हा येवल्याला गेल्या, त्याच लेकीच्या ओटीभरणाला. निघायच्या आधी पाच मिनिटं गाडीभोवती फिरल्या. चार टायरांवरून हात फिरवला, हवा मोजली, स्टेपनी बघितली. पाच जणांच्या गाडीत पाचच जण बसले, दोघी जणी एसटीने गेल्या. कुणी रागावलं नाही.

तुमच्याही दारात गाडी असेल तर आज संध्याकाळी एवढं एकच करा. टायरच्या बाजूवरची ती लांबट चौकट शोधा आणि शेवटचे चार आकडे वहीत लिहा. स्टेपनीचेही लिहा. चौकट सापडली नाही तर ती टायरच्या आतल्या बाजूला असेल. लेकाला वाकून बघायला सांगा. तुमच्या गाडीचे टायर किती वर्षांचे निघाले, ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा, आणि आम्हालाही कळवा.

येतो आता. जपून जा, जपून या. नमस्कार.